बारमाही हिरव्या बागेसाठी देशी झाडे: निवड मे महिन्यात, लागवड पावसाळ्यात

जुलै महिन्यात महाराष्ट्रातल्या कोणत्याही रोपवाटिकेत गेले तरी सगळीच झाडे हिरवीगार दिसतात, आणि दुर्दैवाने बहुतेक घरांच्या बागा नेमक्या याच महिन्यात ठरतात. त्या वेळी आवडलेल्या झाडांपैकी कितीतरी झाडे माघ-फाल्गुनात पाने टाकून मोकळी होतात, आणि मग पुढचे तीन-चार महिने कुंपणाच्या आत काटक्या आणि धूळ एवढेच उरते. म्हणून ज्यांना बागेत वर्षभर हिरवाई हवी आहे त्यांनी झाडांची निवड एप्रिल-मे महिन्यांत करावी आणि लागवड पाऊस स्थिरावल्यावर करावी. उन्हाळा ऐन भरात असताना आपल्या गावाच्या आसपास, कोणी पाणी घालत नसताना, जी झाडे पानांनी भरलेली दिसतात, तीच आपल्या बागेची खरी यादी असते. या लेखातील बाकीच्या सूचना ही यादी तयार करण्यासाठी आणि ती नीट जमिनीत उतरवण्यासाठी आहेत.

सदाहरित झाडाची पानगळ

सदाहरित झाडाची पाने कधीच गळत नाहीत, अशी समजूत असेल तर निराशा पदरी येते. बकुळीचे किंवा जांभळाचे पानही जुने होते आणि गळते. फरक इतकाच की सगळी पाने एकदम गळत नाहीत आणि जुनी पाने जाईपर्यंत नवी आलेली असतात. त्यामुळे अशा झाडाखाली वर्षभर थोडाफार पाचोळा पडतच राहतो, आणि ज्यांना रोज सकाळी अंगण लख्ख लागते त्यांनी हे आधीच मान्य केलेले बरे.

यांच्या जोडीला निमसदाहरित झाडे येतात. करंज साधारण मार्च-एप्रिलच्या सुमारास पाने टाकतो, काही दिवस विरळ दिसतो आणि लगेच तकतकीत पोपटी पालवीने भरून जातो. कडुनिंबाची कोवळी पालवी गुढीपाडव्याला हाताशी येते ती याच कारणाने. कुसुमाची नवी पालवी तर लालभडक असते आणि ती ऐन उन्हाच्या तोंडावर येते. ही झाडे काटेकोर अर्थाने सदाहरित नसली तरी सावलीची सर्वांत जास्त गरज असते त्या वैशाखात ती पूर्ण पानांत असतात, म्हणून पठारी भागातल्या बागेत मी त्यांना सदाहरित झाडांइतकेच महत्त्व देईन. पळस, पांगारा, काटेसावर, बहावा आणि आपले राज्यपुष्प असलेला तामण यांची गोष्ट निराळी आहे. ही झाडे फुलांसाठी अवश्य लावावीत. मात्र ज्या जागी बारमाही आडोसा हवा आहे तिथे त्यांना बसवू नये.

आपला पाऊस ओळखावा

‘देशी’ म्हणजे राज्यभर कुठेही चालणारे, असा अर्थ नाही. महाबळेश्वरला वर्षाकाठी सरासरी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तिथून सरळ रेषेत फार दूर नसलेल्या पुण्यात तो सातशेच्या आसपास येतो, आणि सोलापूर किंवा अहिल्यानगरच्या पर्जन्यछायेतल्या तालुक्यांत त्याहूनही कमी होतो. शिवाय हा पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच येतो. उरलेले आठ महिने झाडाने हिरवे राहायचे असेल तर एक तर त्याची मुळे खोल ओलीपर्यंत पोहोचलेली असली पाहिजेत, किंवा त्याची पाने जाड, चिवट आणि पाणी जपून वापरणारी असली पाहिजेत. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर निसर्गतः सदाहरित जंगल आहे, आणि विदर्भ-मराठवाड्यात पानगळीचे जंगल आहे, यामागचे एक मोठे कारण पावसाचे हे गणित आहे. सावंतवाडीकडची सुरंगी सोलापूरच्या अंगणात लावली तर रोज पाणी घालून ती जगवता येईल कदाचित, पण ते काम बागेचे न राहता शुश्रूषेचे होते.

म्हणून मे महिन्यात एक-दोन रिकाम्या सकाळी काढाव्यात आणि आपल्या परिसरातली देवराई, गावाबाहेरचा ओढा, जुन्या देवळाचे आवार, नदीचा घाट अशी ठिकाणे पाहावीत. शहरातल्या रस्त्यांच्या कडेची झाडे या कामासाठी फारशी उपयोगाची नसतात, कारण त्यांना टँकरचे पाणी मिळत असते. हिरवे झाड दिसले की ते पाण्याच्या कडेला आहे की माळावर, काळ्या मातीत आहे की मुरमात, उघड्यावर आहे की मोठ्या झाडाच्या सावलीत, हे लिहून ठेवावे. पानाच्या दोन्ही बाजूंचे, सालीचे आणि फुले-फळे असल्यास त्यांचे छायाचित्र घ्यावे, आणि तिथल्या जुन्या माणसांना नाव विचारावे. देवराईतून मात्र रोप उपटून आणू नये. अनेक ठिकाणी तिथली काटकीही उचलायची नाही असा गावाचा नियम असतो, आणि जंगलातून उपटलेले रोप बहुधा जगतही नाही.

नावांच्या बाबतीत दोन ठिकाणी हमखास फसगत होते. घाटमाथ्यावरचा अंजन, म्हणजे मेमेसायलॉन, हा सदाहरित असून त्याला निळी-जांभळी फुले येतात. खानदेश-विदर्भाकडे अंजन म्हणून ओळखला जाणारा हार्डविकिया हा वेगळा, उंच आणि पाने गाळणारा वृक्ष आहे. त्याचप्रमाणे अशोक मागितल्यावर बहुतेक रोपवाटिकांत सरळसोट वाढणारा, लांब पानांचा खोटा अशोक पुढे केला जातो. तोही सदाहरित आहे, पण केशरी-लाल गुच्छांनी फुलणारा सीता अशोक तो नव्हे. रोप घेताना शास्त्रीय नाव विचारण्यात संकोच बाळगू नये.

कोकण आणि किनारा

कोकणात निवड करणे म्हणजे मोह आवरणे आहे, इतकी झाडे उपलब्ध आहेत. थेट समुद्राच्या वाऱ्याला तोंड देणाऱ्या जागेसाठी उंडी हे माझ्या मते पहिले झाड आहे: जाड, चकचकीत, समांतर शिरांची पाने, पांढरी सुवासिक फुले आणि खारे वारे सोसण्याची ताकद. तिच्याबरोबर भेंड, करंज आणि कुंपणाला कोयनेल लावली तर वाऱ्याची पहिली फळी तयार होते आणि तिच्या आड नाजूक झाडे वाढू शकतात. वाऱ्यापासून आत, जांभ्याच्या जमिनीत फणस, जांभूळ, बकुळ, नागकेशर आणि सुरंगी ही मोठी झाडे येतात. सुरंगीची फुले फांद्यांना आणि खोडाला चिकटून येतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये त्यांचे वळेसर बाजारात दिसतात. झाड मात्र सावकाश वाढते, त्यामुळे घाई असणाऱ्याने तिच्याकडून लवकर आडोशाची अपेक्षा ठेवू नये.

कोकमाबद्दल थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण लहान आवारासाठी इतके देखणे सदाहरित झाड क्वचितच मिळते. शंकूसारखा आकार, झुकलेल्या फांद्या, गडद पाने आणि लालसर पालवी यांमुळे ते मुद्दाम छाटल्यासारखे दिसते, आणि नारळी-पोफळीच्या अर्धवट सावलीतही समाधानाने वाढते. याची नर आणि मादी झाडे वेगळी असतात, आणि बियांपासून केलेल्या रोपांपैकी साधारण निम्मी नर निघतात. फळे हवी असतील तर मादी झाडाच्या काडीपासून बांधलेले कलमच घ्यावे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या ‘कोकण अमृता’ आणि ‘कोकण हातीस’ या जाती कलमांच्या रूपात मिळतात. केवळ हिरवाई हवी असेल तर बियांचे स्वस्त रोपही तितकेच चांगले, आणि नर निघाले तरी ते आसपासच्या मादी झाडांच्या परागीभवनाला उपयोगी पडते.

घाटमाथा

महाबळेश्वर, माथेरान आणि भीमाशंकर परिसरातल्या जंगलात अंजन, जांभूळ आणि पिसा यांची सोबत पुन्हा पुन्हा दिसते. घाटमाथ्यावर घर असेल तर हीच सोबत आवारात आणावी. अंजन फार हळू वाढतो, परंतु तो एका लहान, गच्च आणि डेरेदार झाडावर थांबतो, आणि पावसाआधीच्या दिवसांत फुलांनी निळा होतो. या भागात अडचण पाण्यापेक्षा वाऱ्याची आणि पातळ मातीची असते, त्यामुळे रोप लहानच लावावे आणि पहिली दोन वर्षे त्याला पश्चिमेकडून आडोसा द्यावा.

देश, मराठवाडा, खानदेश, विदर्भ

अडचण खरी इथे आहे, आणि सल्लाही इथेच नेमका हवा. मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जाणाऱ्या प्रदेशात जवळजवळ बारा महिने हिरव्या राहणाऱ्या देशी झाडांची संख्या मोजकीच आहे, आणि ती झाडेही बहुतेक ओढ्या-नाल्यांच्या काठची आहेत. जांभूळ, करंज आणि अर्जुन हे त्यांतले भरवशाचे. जांभूळ खोल मातीत उत्तम वाढते, पण त्याच्या फळांचे डाग फरशीवरून आणि गाडीवरून सहज जात नाहीत, त्यामुळे गाडी लावण्याच्या जागेजवळ ते लावू नये.

माळाच्या कोरड्या जमिनीसाठी खिरणी, म्हणजे रायण, हे झाड जवळपास विसरले गेले आहे. चिकूची कलमे खिरणीच्या खुंटावर बांधतात, म्हणून चिकूची कलमे करणाऱ्या रोपवाटिकेत तिची रोपे मागितल्यास मिळण्याची शक्यता असते. जाड, गडद पानांचा हा वृक्ष दुष्काळ चांगला सोसतो आणि उन्हाळ्यात गोड पिवळी फळे देतो. वाढीचा वेग मात्र इतका मंद आहे की तो नातवंडांसाठीच लावावा लागतो. पुत्रंजीव हे आणखी एक दुर्लक्षित नाव आहे. त्याच्या लोंबत्या फांद्या आणि काळपट हिरवी पाने वर्षभर टिकतात, आकार आटोपशीर राहतो आणि रस्त्याच्या बाजूला आडोसा म्हणून ते फार शोभते. बकुळ पुण्या-नाशिकच्या हवेत उत्तम येते. त्याहून कोरड्या भागात तिला पहिली तीन-चार वर्षे पाणी द्यावे लागते. सीता अशोक पठारावर लावायचाच असेल तर घराच्या पूर्वेकडे, दुपारचे ऊन भिंतीने अडेल अशा ओलसर जागी लावावा. पश्चिमेच्या उघड्या उन्हात त्याची पाने कडांनी करपतात.

या भागात केवळ सदाहरित झाडांवर विसंबण्याऐवजी पानगळीच्या वेळा जुळवाव्यात. कडुनिंब विरळ असतो तेव्हा खिरणी आणि बकुळ भरलेल्या असतात, आणि करंज पाने टाकतो तेव्हा कडुनिंब पुन्हा पालवलेला असतो. मागे एक बकुळ किंवा पुत्रंजीव, बाजूला करंज आणि पुढे अडुळसा-कुंतीची झुडपे अशी रचना केली तर बाग कोणत्याही महिन्यात उघडी पडत नाही.

सातवीण सदाहरित आणि देशी असूनही तिच्याबद्दल सावध करणे भाग आहे. शहरांत ती गरजेपेक्षा फार जास्त लावली गेली आहे, आणि पावसाळा संपल्यावर रात्री तिच्या फुलांचा वास इतका उग्र होतो की शयनगृहाच्या खिडकीजवळ ती नको. वड, पिंपळ, उंबर आणि नांदरूक यांना मोठे मोकळे आवार लागते. भिंतीच्या भेगेत त्यांची मुळे शिरली की इमारतीचे नुकसान होते. झपाट्याने हिरवा पडदा देतो म्हणून खपवला जाणारा कोनोकार्पस देशी नाही, आणि गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली आहे. गिरिपुष्प आणि सुबाभूळ हेही बाहेरून आलेले आहेत आणि सुबाभूळ तर बियांनी आवारभर पसरते.

झुडपे, कुंपण आणि वेली

लहान आवारात हिरवाईचा बहुतेक भार झाडांपेक्षा झुडपांवर असतो, कारण डोळ्यांच्या उंचीवर तीच दिसतात. कुंती, जिला रोपवाटिकेत कामिनी म्हणतात, ती पहिली घ्यावी. तिची बारीक चकचकीत पाने छाटणी उत्तम सोसतात आणि पावसाच्या सरींनंतर तिचा सुगंध अंगणभर पसरतो. अडुळसा फांदीच्या छाटांपासून सहज होतो, जनावरे त्याला तोंड लावत नाहीत, आणि हळू वाढणाऱ्या झाडांच्या आजूबाजूला पहिल्या वर्षी हिरवे भरण म्हणून तो फार उपयोगी पडतो. पठारावर कुंपणासाठी करवंदाला पर्याय नाही, असे म्हटले तरी चालेल: पाने चामड्यासारखी, काटे पक्के, फुले सुवासिक आणि फळे सर्वांच्या आवडीची. मुले खेळतात त्या बाजूला मात्र काटेरी करवंदाऐवजी कोयनेल लावावी. कण्हेर काटक आणि बारमाही हिरवी असली तरी तिचे सर्व भाग विषारी असतात, त्यामुळे लहान मुले आणि गुरे असलेल्या घरी ती टाळावी.

कोकण-घाटमाथ्यावर माकडलिंबू हे काटेरी पण सुंदर झुडूप मिळाले तर सोडू नये. लिंबाच्या कुळातल्या झाडांवर नीलवंत फुलपाखरू अंडी घालते, आणि हे महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू आहे. त्याच्या सुरवंटांनी पाने खाल्लेली दिसली तर फवारणी करू नये. झुडूप पुन्हा पालवते.

वेलींमध्ये माधवीलता मोठ्या मांडवासाठी आणि कोकणात मिरी झाडाच्या खोडावर चढवण्यासाठी घ्यावी. गुळवेल औषधी म्हणून लावावी, पण उन्हाळ्यात तिची पाने झडतात हे लक्षात ठेवावे. सावलीतल्या जमिनीलगत आबोली आणि उन्हात पिवळी कोरांटी ही दोन्ही फुलांसह हिरवी राहतात. गच्चीवर कुंड्याच असतील तर कुंती, कढीपत्ता, आबोली आणि अडुळसा एवढ्यावर भागते.

रोप घेताना

वनविभागाच्या आणि सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकांत देशी झाडांची रोपे स्वस्त मिळतात, पण तिथे काय तयार आहे हे मे महिन्यातच विचारून नोंदवावे, कारण पाऊस सुरू झाला की मागणी एकदम वाढते. दोन ते तीन फूट उंचीचे, सरळ शेंड्याचे, दाट पानांचे रोप घ्यावे. दहा फुटांचे मोठे झाड आणून लावण्याचा मोह अनेकांना होतो. त्याची मुळे पिशवीत गोल फिरलेली असतात आणि तीन वर्षांत लहान रोप बहुधा त्याला गाठते. पिशवीच्या तळातून जाड मूळ बाहेर येऊन जमिनीत घुसलेले असेल तर ते रोप नाकारावे. स्वतः बियांपासून रोपे करायची असतील तर जांभूळ, कोकम आणि फणस यांच्या बिया फळ खाल्ल्यानंतर लगेच पेराव्यात. वाळवून ठेवल्यास त्यांची उगवण झपाट्याने संपते.

झाड आणि भिंत यांच्यातील अंतर आताच ठरवावे. बकुळ, पुत्रंजीव, कोकम यांना किमान १२ ते १५ फूट, तर जांभूळ, करंज, फणस यांना २० ते २५ फूट द्यावे. नागरी भागात महाराष्ट्र वृक्ष संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू असल्यामुळे वाढलेले झाड नंतर परवानगीशिवाय तोडता येत नाही.

लागवड आणि पहिले दोन उन्हाळे

झाडासाठी दोन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा मे महिन्यातच खणून उन्हात तापू द्यावा. भरताना वरच्या थरातली माती, दोन पाट्या चांगले कुजलेले शेणखत आणि पाचोळा वापरावा. मुरमाड जमिनीत थोडी पोयटा माती घालावी. काळ्या मातीत पावसाळ्यात पाणी साचून मुळे कुजतात, म्हणून तिथे रोप जमिनीपेक्षा अर्धा फूट उंच वरंब्यावर लावावे. पहिला पाऊस पडताच धावपळ करू नये. जमीन फूटभर खोल ओली झाल्यावर, ढगाळ दिवशी संध्याकाळी लागवड करावी. पिशवी पूर्ण फाडून काढावी, गोल फिरलेली मुळे बोटांनी मोकळी करावीत, आणि खोडाची जी रेषा पिशवीत मातीच्या पातळीला होती तीच इथेही ठेवावी.

सदाहरित रोपाची पहिली परीक्षा पावसाळ्यात न होता फेब्रुवारीनंतर होते, कारण पानगळीचे झाड पाने टाकून पाणी वाचवते तसे याला करता येत नाही. खोडापासून चार बोटे जागा सोडून आळ्यात पाचोळ्याचा वीतभर जाड थर द्यावा. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा, प्रत्येक वेळी बादलीभर पाणी सावकाश मुरू द्यावे; रोज तांब्याभर घातलेले पाणी वरच्या दोन इंचांतच राहते आणि मुळे वर येतात. शक्य असल्यास खोडापासून हातभर अंतरावर कच्चे मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरून ते भरत राहावे. सीता अशोक, सुरंगी आणि कोकम यांच्या रोपांवर पहिल्या उन्हाळ्यात बांबूच्या काठ्यांवर हिरवी जाळी बांधावी. दुसऱ्या उन्हाळ्यात पाणी आठवड्यातून एकदा आणि तिसऱ्यात पंधरा दिवसांतून एकदा करावे. दुपारी पाने थोडी मलूल होऊन सकाळी ताठ होत असतील तर काळजीचे कारण नाही. सकाळीही मलूल राहिली तरच पाणी वाढवावे.

कुंती आणि कोयनेलीच्या कुंपणाची मुख्य छाटणी पावसाळा संपताना करावी, म्हणजे हिवाळ्यापूर्वी नवी पालवी धरते. मार्च ते मे या काळात कात्री लावल्यास कोवळी पालवी उन्हाने करपते. बकुळ, अंजन आणि पुत्रंजीव यांना पहिली पाच वर्षे वाळलेल्या फांद्या काढण्यापलीकडे छाटणी नको, आणि ज्यांना खाली मोकळी जागा हवी असेल त्यांनी खालच्या फांद्या दरवर्षी एक-दोन याप्रमाणे काढाव्यात.